मूळपुरुष कोण, ते आधी ठरवा

तुमचा मसुदा वाचला. सही करणार नाही. आणि मला न विचारता लेखकांच्या यादीत माझं नाव तिसरं घातलंय, ते आजच्या आज काढा. निवृत्त होऊन माणगावात येऊन बसलो म्हणजे जो येईल त्याच्या कागदावर अंगठा उठवायला मोकळा झालो, असा तुमचा समज झालेला दिसतो. ताम्हिणीतून एसटीनं येताना तिघांनी मिळून काय बोलायचं ते ठरवून आला असाल. ते राहू द्या. आधी ऐकून घ्या.

तुमची आकृती क्रमांक दोन. रंगीत, सुबक, नावं तिरप्या अक्षरांत, फांद्यांवर आकडे. त्यात हेमिडॅक्टायलस प्रजातीतल्या भारतीय पाली एका मोठ्या निळ्या त्रिकोणात बसवल्यात आणि इम्ब्रिकेटस ही एकटी पाल लाल रंगात खाली, अगदी मुळापाशी. खालची ओळ म्हणते की इम्ब्रिकेटस ‘सर्वात आदिम’ असून बाकी सर्व जातींचा एक स्वतंत्र गट होतो. सबब टेराटोलेपिस ही जुनी प्रजाती पुन्हा मान्य करावी. सबब! तहसील कचेरीत अर्ज लिहिल्यासारखं सबब.

टेराटोलेपिस कधी, कुणी आणि का मोडीत काढली, हे तुमच्या मसुद्यात एका ओळीत उरकलंय, म्हणून मीच सांगतो. ग्युंथरनं १८६९ मध्ये ही प्रजाती उभी केली, कारण सिंधकडची ती पाल दिसायलाच वेगळी. शेपटी फुगीर, अंगावर मोठमोठे खवले एकावर एक चढलेले, कौलांसारखे. डोळ्यांना वेगळी दिसली, वेगळं घर दिलं. मग २००८ मध्ये एरन बाउअर, वरद गिरी, आणि पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सचे महेश धारणे आणि योगेश शौचे यांच्यासह काही जणांनी तिचा डीएनए तपासला. ती निघाली हेमिडॅक्टायलसच्या ऐन मधोमध, आपल्याकडच्या जमिनीवर वावरणाऱ्या पालींच्या घोळक्यात. आता तिला वेगळी प्रजाती म्हणायचं, तर उरलेल्या हेमिडॅक्टायलसमधून एक फांदी कापून काढल्यासारखं होतं. उरलेल्या गटात पूर्वज आहे, पण त्याचे सगळे वंशज नाहीत. असल्या अर्धवट गटाला आजचं वर्गीकरण मान देत नाही. म्हणून टेराटोलेपिस गेली. तिचं जुनं जातिनाम फॅसिएटा, ते हेमिडॅक्टायलसमध्ये आणता येईना, कारण ग्रेनं १८४२ मध्येच आफ्रिकेतल्या एका पालीला हेमिडॅक्टायलस फॅसिएटस म्हटलं होतं. तेव्हा नवं नाव द्यावं लागलं, इम्ब्रिकेटस.

आणि ही गोष्ट सिंधपुरती नाही, घरची आहे. हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस ही कोकणातल्या सड्यांवर दगडांखाली सापडणारी पाल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोर्ले गावावरून ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ मध्ये तिचं वर्णन केलं. तीसुद्धा मधल्या काळात टेराटोलेपिसमध्ये जाऊन आली. तुमच्या नावांच्या यादीत ती आहे. तुमच्या चर्चेत ती नाही. तुमच्या आकृतीत ती निळ्या त्रिकोणाच्या आत बुजलीय. टेराटोलेपिस परत आणायला निघालात आणि त्या प्रजातीत कधीकाळी राहून गेलेली कोकणातली पाल शत्रूच्या छावणीत ठेवलीत. हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये?

म्हणून मी तुमच्या फाइली मागवल्या. आकृती नको म्हटलं, मूळ फाइली द्या. डीएनएच्या अक्षरांची फास्टा फाइल उघडली. पहिलंच नाव: इम्ब्रिकेटस. तिथंच मला तुमचा निष्कर्ष कुठून आला ते कळलं.

आयक्यू-ट्री तुम्ही चालवलंत. त्याला बाहेरचा गट, म्हणजे या पालींच्या घोळक्याबाहेरची पाल, कोणता हे सांगितलं नाहीत. सांगितलं नाही तर ते सॉफ्टवेअर काय करतं, ठाऊक आहे? फाइलमध्ये जे नाव सगळ्यात वर असेल ते उचलतं आणि चित्र काढण्यापुरतं मुळाशी ठेवतं. त्यात विज्ञान शून्य आहे. कुठून तरी रेघ ओढायला सुरुवात करावी लागते, एवढंच. आणि ते बिचारं प्रामाणिक आहे. अहवालाच्या फाइलमध्ये झाडाच्या वर स्वच्छ लिहून देतं की या झाडाला मूळ नाही, अमुक नाव नुसतं मुळाशी काढलेलं आहे. ती ओळ तुमच्याही अहवालात आहे. मी तिच्याखाली लाल पेन्सिलनं रेघ मारून ठेवलीय, बघा. म्हणजे सॉफ्टवेअरनं सांगितलं की यावर विश्वास ठेवू नका, आणि तुम्ही नेमका त्याच्यावरच लेख बेतलात. कुणी फाइल जुळवताना इम्ब्रिकेटसची ओळ आधी चिकटवली, म्हणून ती ‘आदिम’ झाली. उद्या ट्यूबलाइटजवळची घरातली पाल वर चिकटवली असती, तर ती आदिम झाली असती आणि तुम्ही तिच्यासाठी नवी प्रजाती मागितली असती.

मूळ म्हणजे काय ते वर्गात शिकवलं होतं. विसरलात, म्हणून तुमच्याच घरचं उदाहरण देतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात इथं कितीकांच्या जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी वारस दाखवायला वंशावळ करून द्यावी लागते. समजा एक जुनं चिटोरं सापडलं. त्यावर एवढंच आहे की गणूच्या नावाची रेघ धोंडूला जोडलीय, धोंडूची सखाला आणि भिकूला. कोण बाप, कोण मुलगा, ते कुठंच लिहिलेलं नाही. धोंडू मूळपुरुष धरला तर गणू, सखा, भिकू हे तिघे सख्खे भाऊ, तिघांचे सारखे वाटे. गणू मूळपुरुष धरला तर सखा आणि भिकू त्याचे नातू. सखा मूळपुरुष धरला तर गणू आणि भिकू भाऊ होतात आणि सखा त्यांचा आजा. रेघा त्याच, माणसं तीच, एकही जोड हललेली नाही. कोण कोणाचा, हे मात्र सगळं फिरलं. तलाठ्यापुढं असलं चिटोरं घेऊन तुम्ही उभे राहाल का? राहणार नाही. तिथं मूळपुरुष कोण हे पुराव्यानं दाखवावं लागतं हे तुम्हाला घरात लहानपणापासून माहीत आहे. मग पालींच्या बाबतीत अक्कल कुठं गेली?

आता कागद घ्या. तुमच्या यादीतल्या फक्त पाच पाली घेऊ. जमिनीवरच्या तीन: इम्ब्रिकेटस, अल्बोफॅसिएटस, ग्रॅसिलिस. कातळांवरच्या मोठ्या दोन: मॅक्युलेटस आणि प्रशादी. मॅक्युलेटस तुम्ही पाहिलेलीसुद्धा असणार, सह्याद्रीत कातळांच्या कपारींत, लेण्यांत, किल्ल्यांच्या भिंतींवर दिसते. आता या पाच टोकांचं मूळ नसलेलं झाड काढा. तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, मध्ये एक दांडी. फांद्या मोजा. पाच टोकांच्या पाच आणि आतल्या दोन. सात. मूळ या सातांपैकी कुठल्याही एका फांदीवर असू शकतं, म्हणजे या एकाच झाडाची सात वेगवेगळी वंशवृक्षं होतात. पाच नावांची मूळ नसलेली झाडं पंधरा. मूळ असलेली एकशे पाच. दहा नावं घेतलीत तर मूळ नसलेली २० लाख २७ हजार २५, आणि मूळ घातलेली ३ कोटी ४४ लाख ५९ हजार ४२५. प्रत्येक झाडामागे सतरा शक्यता. त्या सतरांपैकी एक तुम्ही निवडलीत. कशाच्या आधारावर? चिकटवाचिकटवीच्या.

मूळ मधल्या दांडीवर ठेवा. जमिनीवरच्या तीन पालींचा एक क्लेड होतो, कातळावरच्या दोघींचा दुसरा. दोन्ही शुद्ध गट: एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज. आता मूळ तिथून उचला आणि इम्ब्रिकेटसच्या फांदीवर नेऊन ठेवा. तुम्ही हेच केलंत. कातळावरच्या दोघी अजूनही क्लेड आहेत, त्यांना धक्का नाही. पण जमिनीवरच्या तिघींचा गट मोडला. त्या तिघींचा शेवटचा समान पूर्वज शोधायला गेलं तर तो थेट मुळाशीच सापडतो, आणि त्याच्या वंशजांत कातळावरच्या दोघीही येतात. तिघींना मिळून गट म्हणाल, तर तो अर्धवट. शिवाय इम्ब्रिकेटस सोडून उरलेल्या चौघी आयत्याच एका क्लेडमध्ये आल्या. त्या तिथं येणारच होत्या! एकाला दाराबाहेर उभं केलं की उरलेले सगळे ‘आत’ असतात, त्याला शोध म्हणत नाहीत. तुमचा निळा त्रिकोण म्हणजे एवढंच आहे.

२००७ मध्ये मार्क विल्किन्सन आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी यावर एक लहानसा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मूळ नसलेल्या झाडात क्लेड असतच नाही. एका फांदीच्या एका बाजूला जे सगळे येतात, त्यांना त्यांनी वेगळं नाव दिलं: क्लॅन. प्रत्येक फांदी दोन क्लॅन देते, या बाजूचा आणि त्या बाजूचा. त्यातला कुठला क्लेड आहे हे मूळ ठरवतं. मूळ त्याच फांदीवर पडलं तर दोन्ही. दुसरीकडं कुठंही पडलं तर दोघांतला एकच. दुसरा लटकतो. हा विल्किन्सन कोण, तेही ऐका, म्हणजे हे सगळं कुठल्या तरी दूरच्या देशातलं आहे असं वाटणार नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचा माणूस. आपल्या सह्याद्रीतल्या गांडुळासारख्या दिसणाऱ्या, पाय नसलेल्या उभयचरांवर काम करणारा. वरद गिरी आणि डेव्हिड गॉवर यांच्यासोबत त्यानं आंबोलीची गेगेनिओफिस डॅनिएली २००३ मध्ये आणि कोयनेकडची इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस २००४ मध्ये जगापुढं आणली. म्हणजे चिखलात हात घालून प्राणी धरणाऱ्यानंच ही भानगड निस्तरली. तुम्ही पालींवर लेख लिहिलात आणि एक पाल तरी हातात धरून पाहिलीत का, असं मी विचारणार होतो. विचारत नाही, उत्तर माहीत आहे.

“पण सर, आम्ही आर मध्ये तपासलं, उत्तर ट्रू आलं,” हे तुमच्यापैकी एकानं फोनवर सांगितलं. त्यानं नीट ऐकावं. एप नावाच्या पॅकेजमधलं इज-मोनोफायलेटिक हे फंक्शन तुम्ही वापरलंत. झाडाला मूळ नसेल, तर ते आपण होऊन वेगळा प्रश्न विचारतं: ही नावं झाडाच्या एका बाजूला एकत्र येतात का? म्हणजे क्लॅन आहे का. फांदीच्या अलीकडच्यांना विचारा, ट्रू. पलीकडच्यांना विचारा, तरी ट्रू. तुम्ही निळ्या गटाला विचारलंत, ट्रू आलं, आणि उड्या मारत माझ्याकडं आलात. त्याच झाडावर जमिनीवरच्या सगळ्या पालींना एकत्र घेऊन विचारलं असतंत, इम्ब्रिकेटससकट, तर त्यांनाही ट्रूच आलं असतं. मग दोन्ही खरं कसं, असा प्रश्न पडला असता. पडला असता तर. प्रश्न पडावा म्हणून एम.एस्सी.ला पाठवतात.

यात आणखी एक खाच आहे, त्यात तुमच्याहून शहाणे पडलेत, म्हणून तिथं जरा कमी रागावतो. त्याच पॅकेजमध्ये रूट या फंक्शननं बाहेरचा गट सांगितला, तरी ते मुळाशी तीन फांद्या तशाच ठेवतं, दोन करत नाही, जोवर तुम्ही तसं स्पष्ट सांगत नाही. आणि मुळाशी तीन फांद्या दिसल्या की पॅकेज त्या झाडाला मूळ नाही असंच समजतं. माणसाला वाटतं मूळ घातलं. यंत्राला वाटतं नाही घातलं. पुढचं सगळं चुकत जातं आणि पडद्यावर लाल अक्षर एकही येत नाही.

रंगाचं तेच. आयटॉलमध्ये गट रंगवताना दोन टोकांची नावं देता, सॉफ्टवेअर त्या दोघांचा शेवटचा समान पूर्वज शोधतं आणि त्याच्या खालचं सगळं रंगवतं. मूळ हललं की पूर्वज हलतो, पूर्वज हलला की रंग दुसऱ्याच घरात जातो. तुमच्या पहिल्या मसुद्यात निळ्यात जेवढ्या जाती होत्या आणि दुसऱ्या मसुद्यात जेवढ्या आहेत, त्यांची संख्या वेगळी आहे. का, ते तुम्हाला सांगता येणार नाही. मी सांगितलं. मध्ये कुणीतरी फिगट्रीत री-रूट बटण दाबून बघितलंय आणि तसंच सेव्ह केलंय.

त्या बटणानं आणखी एक घोळ केला असण्याची शक्यता आहे. बूटस्ट्रॅपचे आकडे फांदीचे असतात, गाठीचे नव्हेत. पुन्हा पुन्हा काढलेल्या झाडांत ही फांदी किती वेळा आली, एवढंच तो आकडा सांगतो. पण न्यूइक पद्धतीच्या फाइलमध्ये आकडा गाठीवर लिहिला जातो, असा आकडा फांदीवर लिहायला जागाच नाही. (ही कंस-स्वल्पविरामांची पद्धत १९८६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या डोव्हर गावी, न्यूइक्स नावाच्या लॉबस्टर मिळणाऱ्या खानावळीत बसून पक्की केली, म्हणून ते नाव. जेवता जेवता एवढं काम केलं, त्याबद्दल त्यांच्यावर राग नाही.) मूळ हललं की मुळाच्या जुन्या आणि नव्या जागेच्या मधल्या आकड्यांना एकेक घर सरकावं लागतं. कित्येक सॉफ्टवेअरं ते सरकवत नाहीत, किंवा सरकवायला हवं हे त्यांना कळतच नाही. चेक, उएर्ता-सेपास आणि स्टामाटाकिस यांनी २०१७ मध्ये लोकप्रिय सॉफ्टवेअरं तपासून हे दाखवून दिलं. तेव्हा तुमच्या आकृतीतला तो अभिमानाचा ९८ नक्की कुठल्या फांदीचा, हे मूळ फाइलशी ताडून पाहिल्याशिवाय मला सांगू नका.

आता तुम्ही म्हणणार, मग मिडपॉइंट करतो. म्हणालातच, तुमच्या ईमेलमध्ये आहे. फॅरिसनं १९७२ मध्ये सुचवलेली युक्ती आहे ती. सगळ्यात लांबची दोन टोकं घ्या, त्यांच्या मधोमध मूळ ठेवा. सगळ्या वंशांत बदल साधारण सारख्या वेगानं होत असतील, तर ठीक. एखादा वंश भरभर बदलत असेल, तर त्याची फांदी लांब होते, मधला बिंदू तिच्याकडं ओढला जातो आणि मूळ तिच्यावर जाऊन बसतं. दिसायला विचित्र आणि फांदीनं लांब अशी पाल पुन्हा ‘आदिम’. तुम्ही दारानं हाकललेली चूक खिडकीतून आत. मिडपॉइंट वाईट नाही, पण तो काहीच नसेल तेव्हाचा उपाय आहे, आणि तुमच्याकडं काहीच नाही अशी परिस्थिती नाही. बीस्टसारखं घड्याळ मानणारं सॉफ्टवेअर मूळ घालूनच झाड देतं, ते वापरलंत तरी हरकत नाही. पण मग घड्याळ कुठलं मानलं आणि का, याचं उत्तर तोंडपाठ पाहिजे.

सरळ मार्ग बाहेरच्या गटाचा. तुम्ही एकदा तोही प्रयत्न केलात, फाइलींत सापडला: कोंबडी. कोंबडी! का, तर जीनबँकेत पटकन मिळाली. अरे, पाल आणि कोंबडी यांच्यात इतका काळ लोटलाय की तुम्ही घेतलेल्या मायटोकाँड्रियातल्या जनुकाची बरीचशी अक्षरं बदलून पुन्हा बदललीत. इतक्या लांबचा पाहुणा झाडात कुठं चिकटतो? जिथं दुसरी लांब फांदी असेल तिथं. लांब फांद्या लांब फांद्यांना ओढतात, हे फेल्सेनस्टाइननं १९७८ मध्ये दाखवलं. बाहेरचा गट बाहेरचा हवा, पण शेजारचा हवा. आणि एकच नको, दोन-तीन हवेत. हेमिडॅक्टायलसला जवळची प्रजाती आहे कर्टोडॅक्टायलस. तिच्यातली डेक्कनेन्सिस आपल्याच उत्तर सह्याद्रीत राहते, ग्युंथरनं १८६४ मध्ये तिचं वर्णन केलेलं आहे. गंमत म्हणजे तिलाही पूर्वी वेगळ्या प्रजातीत, गेकोएलात ठेवत होते, आणि डीएनएनं तीही कर्टोडॅक्टायलसच्या आतच निघाली. तुम्हाला ज्या धड्याची गरज आहे तो तुमच्या बाहेरच्या गटातसुद्धा लिहिलेला आहे. जरा वाचलं असतंत तर.

हे काही पालींपुरतं खुसपट नाही. वोझ आणि फॉक्स यांनी १९७७ मध्ये सूक्ष्मजीवांची तुलना करून दाखवलं की जीवाणूंहून वेगळा, आज आर्किया म्हणतात तो, एक मोठा वंश आहे. पण या वंशांचं झाड काढलं तरी त्याला मूळ नव्हतं. सगळ्या सजीवांचं झाड. बाहेरचा गट आणणार कुठून? मूळ आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींच्या फांदीवर असतं, तर केंद्रक नसलेले सगळे मिळून एक खरा गट झाला असता आणि शाळेच्या पुस्तकातली जुनी विभागणी शाबूत राहिली असती. १९८९ मध्ये दोन गटांनी, जपानमध्ये इवाबे आणि मंडळींनी आणि अमेरिकेत गोगार्टेन आणि मंडळींनी, अशी जनुकं घेतली की जी सगळ्यांच्या समान पूर्वजाच्याही आधी दुप्पट झाली होती. मग एक प्रत दुसऱ्या प्रतीचा बाहेरचा गट झाली. मूळ पडलं जीवाणूंच्या फांदीवर. आर्किया जीवाणूंपेक्षा आपल्याला जवळचे निघाले आणि केंद्रक नसलेल्यांचा गट एका रात्रीत अर्धवट ठरला. एका फांदीनं सगळ्या जीवसृष्टीची वाटणी बदलली.

आणि २०२० आठवा, घरात बसला होतात तेव्हाचं. करोनाच्या विषाणूच्या झाडाला मूळ घालायला वटवाघळातला एक विषाणू घेतला, तो सुमारे ९६ टक्के जुळणारा. ९६ ऐकून बरं वाटतं, पण तीस हजार अक्षरांच्या जीनोममध्ये चार टक्के म्हणजे हजाराहून जास्त फरक, आणि माणसांतल्या पहिल्या नमुन्यांत आपापसांत फरक मोजून बोटांवर. ए आणि बी हे दोन पहिले वंश तर अवघ्या दोन अक्षरांनी वेगळे. वटवाघळाचा विषाणू त्या दोन्ही जागी ए शी जुळतो, वुहानच्या बाजारातले सुरुवातीचे नमुने मात्र बहुतेक बी चे. साथ कुठून सुरू झाली, हा सगळा वाद शेवटी मूळ कुठं ठेवायचं याच्यावर येऊन अडला, आणि मोठमोठ्या मंडळींनी तिथं घाई केली म्हणून बोलणी खाल्ली. तुम्ही तर अजून मोठे नाही. तुम्हाला घाई कसली?

आणखी एक, आणि हे शेवटचं नाही, पण महत्त्वाचं. तुमच्या चर्चेत ‘आदिम’ हा शब्द पानापानांवर आहे. झाडात खाली काढलेली पाल जुनी नसते. आज जिवंत असलेल्या सगळ्या पाली सारख्याच काळाच्या आहेत. आजची पाल आजची. मुळाजवळ एकटी निघालेली फांदी म्हणजे तिच्या बाजूला कमी जाती उरल्यात किंवा तुम्ही कमी घेतल्यात, एवढंच. आणि फांद्या गाठीभोवती वरखाली फिरवून चित्र बदललं तरी नातं बदलत नाही, मूळ हलवलं तर बदलतं. तुम्ही पहिल्या गोष्टीला घाबरून दिवस घालवलेत आणि दुसरी बेफिकिरीनं केलीत.

आता काय करायचं ते ऐका, लिहून घेतलंत तरी चालेल. इम्ब्रिकेटस वर ठेवा, खाली ठेवा, कुठंही ठेवा. त्यानं फरक पडता कामा नये, आणि पडतोय का हे स्वतः करून पाहा. कर्टोडॅक्टायलसच्या निदान दोन-तीन जाती घ्या, त्यांतली एक तरी डेक्कनेन्सिस. बाहेरचा गट सॉफ्टवेअरला नाव घेऊन सांगा आणि तो लेखात पद्धतींच्या भागात लिहा. बाहेरचे गट बदलून बघा, एकेक काढून बघा, मूळ जागेवर राहतं का. राहत नसेल, तर ‘मूळ अनिश्चित’ असं छापा. त्यात लाज नाही. मिडपॉइंटचं झाड पुरवणीत टाका, मुख्य पानावर नको. आकडे मूळ फाइलशी ताडा. अल्बोफॅसिएटस निळ्या त्रिकोणातून बाहेर काढून सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. आणि हे सगळं झाल्यावर टेराटोलेपिस परत आणायची तुमची इच्छा उरली, तर २००८ च्या त्या लेखातलं नेमकं काय चुकलं हे पुराव्यानिशी लिहा. मला वाटत नाही ती उरेल.

नवं झाड आणि अहवालाची मूळ फाइल घेऊन पुढच्या रविवारी या. सकाळी दिव्याहून येणाऱ्या गाडीनं आलात तरी चालेल, स्टेशनवर उतरलात की फोन करा. तोवर हा मसुदा कुणाकडंही पाठवायचा नाही. पाठवलात आणि त्यावर माझं नाव दिसलं, तर संपादकांना पहिलं पत्र माझं जाईल.